हिमोग्लोबिन नॉर्मल आहे, मग रात्री पाय का छळतात?

“सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात टेन्शन घेतेस. हे खरंच मनाचं आहे का?” साधारण ४५ वर्षांच्या बाई समुपदेशनाला आल्या, त्या हाच प्रश्न घेऊन. पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटायचं. उठून फेऱ्या मारल्या की थांबायचं, आडवं झालं की पुन्हा सुरू.

पाय स्वस्थ राहू न देणाऱ्या या त्रासाला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. त्याचं निदान विचारपूस करूनच होतं. पाय हलवण्याची अनावर ओढ, ती बसल्या-पडल्या वाढणं, हालचालीने कमी होणं आणि संध्याकाळनंतर जोर धरणं, ही चारही लक्षणं लागतात. शिवाय दुसरं कारण नाही ना, हेही पाहावं लागतं. पायात गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि ताणल्यावर सुटतो. मधुमेहातली जळजळ, बधिरपणा चालल्याने जात नाही. बाईंच्या बाबतीत चारही उत्तरं ‘हो’ होती. तेव्हा मनाचं नाही, पण रोजच्या जागरणाने मन खचतं हे मात्र खरं.

मग गोळ्यांची पिशवी उघडायला लावली. उदासीसाठी एस्सिटालोप्राम होती आणि झोप यावी म्हणून स्वतःच घेतलेली, गुंगी आणणारी सर्दीची गोळी. दोन्हींनी हा त्रास वाढू शकतो. सर्दीची गोळी लगेच बंद केली. एस्सिटालोप्राम मनाने सोडायची नसते, तिचं मनोविकारतज्ज्ञांनी पाहिलं.

खरी मेख फेरिटिनमध्ये, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीत होती. हिमोग्लोबिन १२.८, फेरिटिन २४. लॅबच्या लेखी नॉर्मल, पण या आजारात ७५ किंवा त्याहून कमी असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावं, लोहाची गोळी एक-दोन दिवस आधी थांबवावी. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून किती लोह वाहून नेलं जातंय ते सांगणारी तपासणीही हवी. तपासल्याशिवाय लोह घेऊ नये. काहींच्या शरीरात ते आधीच जास्त साठलेलं असतं.

डॉक्टरांनी ६५ मिलिग्रॅम लोह एक दिवसाआड, क जीवनसत्त्वासोबत दिलं. चहा, दूध, कॅल्शियम त्या वेळी वर्ज्य. पाळीत रक्तस्राव जास्त होता, तो थांबवल्याशिवाय लोह टिकणार कसं? म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही पाठवलं.

तीन महिन्यांनी फेरिटिन ५८ झालं आणि त्रास आठवड्यातून दोन रात्रींवर आला. लोह चालूच आहे. एवढ्यावर भागलं नाही तर गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन या नसांवरच्या औषधांचा पर्याय आहे. प्रॅमिपेक्सोल या आजारावरच्या दुसऱ्या एका औषधाने सुरुवातीला जादू वाटते, पण पुढे त्रास दुपारीच सुरू होऊन हातांतही येऊ शकतो. अशा वेळी डोस वाढवून मागू नये, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं.