वाचकांचे प्रश्न: मिंदानाओतल्या गावात पनायची भाषा कशी?

प्रश्न: काका, मुलगी फिलिपिन्समधे दवावला एमबीबीएस करतेय, सुट्टीत मैत्रिणीकडे कोरोनादालजवळच्या खेड्यात जाऊन आली. म्हणते बेट मिंदानाओ पण घरोघरी बोलतात इलोंगो, ती तर पनाय बेटाकडची ना? आणि गल्ल्या एकदम फुटपट्टीने आखल्यासारख्या. हे गाव वसलं तरी कसं? (एक आई, कोथरूड)

उत्तर: ताई, दौंडकडची धरणग्रस्तांची नवी गावठाणं बघितलीयेत? सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, बघताक्षणी कळतं की हे आधी कागदावर आखलंय आणि माणसं मागनं आलीयेत. तिकडचंही तसंच, फक्त माणसं बोटीने आली. तेव्हा लुझॉन या उत्तरेकडच्या मोठ्या बेटावरची कुळं जमीनदारांवर जाम चिडलेली, 1935 ला साकदालांचा (गरीब शेतकऱ्यांची चळवळ) उठावही झाला, आणि दवावमधे जपान्यांनी अबाकाचे (दोरखंडाचा वाख देणारी केळ) मोठाले मळे केलेले. देशाचे अध्यक्ष केसोन यांना दोन्हीची धास्ती, मग उपाय काय तर दक्षिणेत, म्हणजे मिंदानाओत, माणसं नेऊन बसवा! 1939 ला सरकारी वसाहत खातं काढलं, त्यावर जनरल पावलिनो सांतोस नेमले, आणि 27 फेब्रुवारी 1939 ला पहिले 62 जण सारांगानी उपसागरात दादियांगासला उतरले. आजचं जनरल सांतोस शहर ते हेच, नावही त्यांचंच.

मग लुझॉन आणि विसायातनं (मधली बेटं, पनाय त्यातलंच) लोक येत गेले, आत कोरोनादालच्या खोऱ्यात इलोंगो बोलणारे जास्त झाले म्हणून घरात तीच भाषा. सुरुवातीला काम एकच, कोगोन गवत कापायचं. कंबरेच्या वर जाणारं, पात्याला हात लागला की चिरलाच, आणि मुळं राहिली की पुन्हा हजर.

पण जमीन मोकळी होती असं सरकारी भाषेत म्हणायचं हं, तिथे ब्लान लोक आधीपासून राहत होते आणि ते हळूहळू डोंगराकडे सरकले. गंमत म्हणा की काय म्हणा, कोरोनादाल हे नाव ब्लान भाषेतलंच मानतात, अर्थ कोगोन गवताचं मैदान. म्हणजे गवत गेलं, ब्लान वर गेले, पाटीवर नाव तेवढं राहिलं.

लेकीला सांगा, पुढच्या वेळी मैत्रिणीच्या लोलाला, म्हणजे आजीला, विचार की घरचे कुठल्या बंदरावर उतरले होते.