आधी पावतीपुस्तक

प्रिय मुली,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. मोर्चाचं आवाहन संस्थेच्या पानावरून काढू की ठेवू, एवढंच तू विचारलं आहेस. कार्यकारिणी म्हणते काढा, नाहीतर भाषावर्गाचं पालिकेचं अनुदान जाईल. तू म्हणतेस काढू नये, पण वर्ग बंद पडले तर त्या बायकांनी जायचं कुठे? आणि खाली बारीक अक्षरात, मी स्टुडंट व्हिसावर, मी बोलावं का?

त्या शेवटच्या शंकेचं आधी मिटवतो. जर्मन घटनेचं 8वं कलम सभेचा हक्क ‘सर्व जर्मनांना’ देतं, हे खरं. पण 5व्या कलमातलं मतस्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, आणि सभांच्या कायद्याचं पहिलंच कलम ‘प्रत्येकाला’ म्हणतं. परदेशी माणसाच्या राजकीय कामावर बंधन घालायची सोय निवास कायद्याच्या 47व्या कलमात आहे. तेही मुळातून वाच. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसू नकोस.

आता मुद्द्याचं. तुमच्या खोलीचं भाडं कोण भरतं? पत्रात याचा एक शब्द नाही. माझ्या लेखी सगळा प्रश्न तिथेच आहे. वर्गणी किती सभासद देतात? पावतीपुस्तक आहे का?

मी एका छोट्या संस्थेचा अकरा वर्षं खजिनदार होतो. लोखंडी हिरवी पेटी, आत दोन-दोन युरोची नाणी, वर रबर लावलेल्या पावत्या. सुरुवातीला साठ सभासद होते आणि सगळ्यांची वर्गणी वेळेवर यायची. मग पहिलं सरकारी अनुदान मिळालं. त्या एका रकमेपुढे साठ जणांच्या मागे लागून वर्गणी गोळा करणं मला भीक मागण्यासारखं वाटायला लागलं. तीन वर्षांत पेटी कपाटावर गेली.

मग 2019 उजाडलं. फेब्रुवारीत जर्मनीच्या सर्वोच्च कर न्यायालयाचा अटॅक या जागतिकीकरणावर टीका करणाऱ्या संघटनेविरुद्धचा निकाल जाहीर झाला. राजकीय शिक्षण हे करसवलतीला पात्र लोकोपयोगी काम आहे, पण स्वतःच्या मागण्या घेऊन राजकारणावर आणि लोकमतावर दबाव आणणं त्यात बसत नाही, असा त्याचा आशय. अटॅकचा करसवलतीचा दर्जा जाणार हे त्यावरून उघड होतं. त्याच वर्षी काम्पाक्ट या ऑनलाइन मोहिमा चालवणाऱ्या संघटनेचा गेला. नाझी छळातून वाचलेल्यांनी उभारलेल्या संघटनेवरसुद्धा कर कार्यालयाने तीच कुऱ्हाड चालवली. त्यांचा दर्जा पुढे 2021मध्ये परत मिळाला, पण मधली वर्षं कोण परत देणार?

आमच्या गावातल्या एका संस्थेने तेव्हा पाठिंब्याच्या पत्रावर सही मागितली. आमची सभा चर्चच्या हॉलमध्ये होती, इतिवृत्त माझ्याकडे. मी लिहिलं: ‘विषयावर चर्चा झाली. निर्णय पुढील सभेपर्यंत स्थगित.’ पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय आलाच नाही. विषयपत्रिका मीच करत होतो.

आम्हाला कुणी धमकावलं नव्हतं. एक फोनसुद्धा आला नव्हता. आमच्याकडे दोन पगारी माणसं होती, त्यातल्या एकीचं बाळ चार महिन्यांचं होतं. मी तिच्या पगाराचा विचार केला, आणि तो चूक होता असं मला आजही म्हणता येत नाही. चूक त्याआधीच्या तीन वर्षांतली. पेटी कपाटावर ठेवली तिथेच सही गेली होती.

म्हणून म्हणतो, वर्गणी. फेब्रुवारी 2025च्या निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशीच्या तारखेचा ख्रिश्चन डेमोक्रॅटांचा संसदेतला प्रश्नसंच आठव. सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांच्या राजकीय तटस्थतेवर 551 प्रश्न. त्यात पर्यावरणवाले होते, शोधपत्रकार होते, ‘उजव्यांविरुद्ध आज्या’ म्हणून चौकात उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकाही होत्या. प्रश्न विचारायचा खासदारांना हक्क आहेच. पण अनुदान घेणाऱ्या किती खजिनदारांनी त्या आठवड्यात आपापली पानं साफ केली असतील, हे मला आतून ठाऊक आहे.

हंगेरीत तर सरळ पैशालाच हात घातला. 2017च्या कायद्याने वर्षाला 72 लाख फोरिंटच्या वर परदेशी मदत घेणाऱ्या संस्थेला ‘परदेशी पैशावरची संस्था’ ही पाटी स्वतःच्या नावापुढे लावायला सांगितली. तिथल्या नागरी स्वातंत्र्य संघटनेने आणि हेलसिंकी समिती या मानवाधिकार संस्थेने नोंद करायचं साफ नाकारलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 18 जून 2020 रोजी कायदा चुकीचा ठरवला, 2021मध्ये तो मागे घ्यावा लागला. पण तिथली दुसरी गोष्ट मला जास्त शिकवून गेली. हंगेरीतला करदाता आपल्या प्राप्तिकरातला 1 टक्का आपल्या पसंतीच्या संस्थेला देऊ शकतो. मे 2025मध्ये नवं विधेयक आलं, त्यात सरकारने काळ्या यादीत टाकलेल्या संस्थांचा हा 1 टक्कासुद्धा तोडायचा होता. विरोध झाला, विधेयक लांबणीवर पडलं. सामान्य माणसाच्या हातून येणारा तेवढासा पैसा एका सरकारला खुपला, यातच त्याचं मोल कळतं.

आणि तू मला लिहितेस, ‘काका, वर्गणीने काय होणार, लोक पाच युरोसुद्धा देत नाहीत.’ मागितलेस का? गणपतीच्या वर्गणीला दारोदार फिरलेल्या घरातली ना तू? कुणी दार लावलं तर पुढचं दार. अनुदान नाकारू नकोस, वर्ग चालू देत. पण भाडं आणि वीजबिल वर्गणीतूनच निघालं पाहिजे. पालिकेने उद्या हात काढला तरी खोलीची किल्ली तुमच्याच खिशात राहील. वर्षाअखेर दोन सभासदांकडून हिशेब तपासून घे, आणि तो भिंतीवर लाव.

पोस्टचं म्हणशील तर ठेव. कार्यकारिणीला काढायचीच असेल तर रीतसर ठराव मांडायला सांग, आणि कोण कोणत्या बाजूने ते इतिवृत्तात नावानिशी येऊ दे. ‘स्थगित’ हा शब्द लिहू देऊ नकोस.

शनिवारी मी तिकडे येतोय. पेटी घेऊन येतो, कुलूप अजून चालतं. पावतीपुस्तक तू आण. पहिली पावती माझ्या नावाने फाड, वर्षाचे साठ युरो, रोख.

तुझा,
काका