गर्भ नवव्या आठवड्यात गेला, मग चूक कधी झाली?

"त्या आठवड्यात मी पाण्याची भरलेली बादली उचलली होती. त्यामुळेच झालं ना?"

३६ वर्षांच्या बाई. नवव्या आठवड्यात गर्भपात झालेला. हातात गर्भाच्या ऊतीच्या गुणसूत्र तपासणीचा अहवाल: ४७, एक्सवाय, +१६, म्हणजे ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, जादा आहे ते सोळावं. शेजारी पती गप्प बसलेले. बादलीचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जोडप्याकडून येतो. कधी बादलीऐवजी प्रवास असतो, कधी जिना, कधी रात्रीची जागरणं.

याचं उत्तर अहवालातच आहे. तपासलेल्या प्रत्येक पेशीत सोळावं गुणसूत्र दोनऐवजी तीन आहे. म्हणजे ते गर्भ रुजल्यावर वाढलेलं नाही, गर्भधारणेआधीच बीजात आलेलं आहे.

हे शब्दांत पटत नाही, म्हणून टेबलावर लोकरीचे चार तुकडे मांडले: दोन लाल, दोन पांढरे. लाल म्हणजे बाईंना स्वतःच्या आईकडून मिळालेलं सोळावं गुणसूत्र, पांढरं वडिलांकडून मिळालेलं. बीजपेशी बनताना आधी प्रत्येकाची नक्कल होते, म्हणून दोन-दोन. दोन्ही लाल तुकडे मधोमध एका चिमट्याने जोडले, पांढरे दुसऱ्याने. मग लाल आणि पांढरं शेजारी येतात आणि टोकाकडच्या काही भागांची अदलाबदल करतात. या अदलाबदलीने भावंडं वेगवेगळी निपजतात, हे शाळेत शिकवतात. पण तिचं दुसरं काम तितकंच मोलाचं: त्याच जागी जोडी एकमेकांत अडकून राहते, म्हणून दोन्ही टोकांकडून ओढणाऱ्या तंतूंचा ताण समतोल बसतो.

पहिल्या विभाजनात जोडी फुटते, लाल एकीकडे, पांढरं दुसरीकडे. दुसऱ्या विभाजनात चिमटे सुटतात आणि नकला वेगळ्या होतात. अशा रीतीने ४६ ची २३ होतात. पुरुषात एका पेशीतून चार शुक्राणू तयार होतात. स्त्रीत एकच मोठं बीज उरतं, बाकीचा वाटा ध्रुवपिंड नावाच्या इवल्या पेशींत जातो.

यानंतर लाल आणि पांढरी जोडी न सोडवता एकाच बाजूला सरकवली. बीजात सोळावं गुणसूत्र दोनदा आलं, शुक्राणूने तिसरं आणलं. बाई बराच वेळ त्या लोकरीकडे पाहत राहिल्या.

"पण बीज माझंच ना?"

हा प्रश्न बादलीच्या प्रश्नापेक्षा खोल आहे, तिथे घाई करायची नाही. सोळाव्या गुणसूत्राची ही चूक जवळजवळ नेहमी बीजाच्या पहिल्या विभाजनात होते, हे खरं आहे आणि ते लपवू नये. मात्र ते विभाजन सुरू झालं तेव्हा बाई स्वतः आईच्या पोटात होत्या. मुलीच्या अंडाशयातल्या बीजपेशी जन्माआधीच पहिल्या विभाजनात शिरतात आणि मध्येच थांबतात. पुढचा टप्पा प्रत्येक बीज बाहेर पडण्याच्या दीड-एक दिवस आधी पुन्हा सुरू होऊन ते बाहेर पडण्याच्या जरा आधी पुरा होतो, आणि दुसरं विभाजन शुक्राणू आत शिरल्यावरच संपतं. या बाईंच्या त्या पेशीने ३६ वर्षं जोडी धरून ठेवली होती. धरून ठेवणारी प्रथिनं जन्माआधीच बसवलेली असतात, पुढे ती फारशी नव्याने भरली जात नाहीत. वयाबरोबर पकड सैल होते. पुरुषात हे विभाजन वयात आल्यावर सुरू होऊन सतत नव्याने चालतं, म्हणून तिथे असं ताटकळणं नाही. यात वयाचा भाग आहे, वागण्याचा नाही. फॉलिक अ‍ॅसिड मज्जारज्जूच्या दोषांसाठी घ्यायलाच हवं, पण ही चूक त्यानेही टळली नसती.

पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमागे गुणसूत्रांची अशीच गडबड असते, आणि त्यात तीन सोळावी गुणसूत्रं ही सगळ्यांत जास्त आढळणारी त्रिसूत्री (एखादं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं). असा गर्भ सहसा पहिल्या तिमाहीपुढे जात नाही.

पतींनी विचारलं, "आमच्या दोघांची गुणसूत्रं तपासायची का?" अहवालात सुटं जादा गुणसूत्र आहे, त्यामुळे फक्त याच कारणासाठी गरज नाही. गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला दिसला असता, तर दोघांचीही तपासणी आधी केली असती, कारण तसा दोष आई किंवा वडिलांकडून पुन्हा येऊ शकतो. पुढच्या वेळी दहाव्या आठवड्यापासून रक्ताची चाळणी चाचणी करता येईल; शंका आली तर ११ ते १३ आठवड्यांत वारेची किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची तपासणी.

पुन्हा गर्भपात झालाच, तर ऊती निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावी, फॉर्मॅलिनमध्ये नाही. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, त्या वाढवून गुणसूत्रं मोजता येत नाहीत, आणि मग बादलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हातात कागद उरत नाही.