विश्वास असताना ईश्वरविज्ञानाचं शिक्षण कशाला घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला सेमिनरीत, म्हणजे ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) शिकवणाऱ्या कॉलेजात, जायचंय, पण चर्चच्या मंडळीतली वडीलधारी माणसं म्हणतात, ‘येशूचे शिष्य पेत्र-योहान कुठल्या कॉलेजात गेले होते? पवित्र आत्मा शिकवतो, तेवढं पुरे. आणि तिथे गेलेल्यांचा विश्वास थंडावतो.’

मी पाळक (पास्टर) नाही. पेशाने नर्स आहे आणि नोकरी सांभाळून ईश्वरविज्ञानाचा बाह्य अभ्यासक्रम पूर्ण केलाय. माझं मत असं, की स्वतःच्या तारणासाठी, म्हणजे मुक्तीसाठी, या शिक्षणाची गरज नाही. पण जो चार माणसांपुढे उभा राहून ‘प्रभू असं म्हणतो’ असं सांगणार आहे, त्याला ते घ्यायलाच हवं.

याचं कारण मी वॉर्डात ऐकते. पेशंटसाठी प्रार्थना करायला येणारी माणसं मनाने चांगली असतात, सुट्टी टाकून, लांबून येतात. आणि मग कॅन्सरच्या बाईच्या उशाशी उभं राहून विचारतात, ‘मनात काही पाप लपवलंयस का? निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का?’ वाक्य बायबलमधलंच आहे, ईयोबाच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायातलं. पण ते बोलतो अलीफज, दुःखात बुडालेल्या ईयोबालाच दोष देणारा त्याचा मित्र. आणि 42व्या अध्यायात देव त्याच अलीफजाला सुनावतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाबद्दल हाच प्रश्न विचारतात, तेव्हा येशू स्पष्ट सांगतो की याच्या किंवा याच्या आईबापांच्या पापामुळे हे झालेलं नाही. म्हणजे देवाने ज्या बोलण्यावर राग धरला, तेच देवाचं वचन म्हणून त्या बाईला ऐकवलं जातं. ती नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मला हे सहन होत नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 घ्या. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’ हे वचन कितीतरी घरांत भिंतीवर लावलेलं असतं. ते एका पत्रातलं आहे. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, तरी देवाचे संकल्प हिताचेच होते. नोकरी गेलेल्या माणसाला ‘महिन्याभरात सगळं सुरळीत होईल’ असं जो सांगतो, तो वचन यिर्मयाचं वापरतो पण बोलतो हनन्यासारखं. पुढचे-मागचे अध्याय वाचायची, कोण कोणाला केव्हा बोलतंय हे विचारायची शिस्त मला अभ्यासाने लावली.

आता पेत्र-योहानाचं. ते येशूबरोबर राहिले, दाखल्यांचा अर्थ त्याला एकांतात विचारत राहिले, चुकले तेव्हा त्याची बोलणी खाल्ली. एवढं शिक्षण कोणाला मिळालं? प्रेषित पौल तर गमलियेल या नावाजलेल्या यहुदी गुरूच्या पायाशी शिकलेला. आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला इथिओपियाचा अधिकारी रथात यशयाचं पुस्तक वाचत होता, त्याला आत्म्याने परस्पर अर्थ सुचवला नाही. आत्म्याने फिलिप्प नावाच्या सुवार्तिकाला त्या रथाजवळ पाठवलं, आणि त्याने अर्थ सांगितला. आत्मा शिकवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि तो पुष्कळदा माणसाकडूनच शिकवतो.

विश्वास थंडावण्याची भीती मात्र खोटी नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातल्या 9 ते 20 या ओव्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही हादरले होते. पण याच ओव्यांत सर्प उचलण्याविषयी आहे, आणि अमेरिकेत जॉर्ज हेन्सली या उपदेशकाने त्यावरून उपासनेत विषारी साप हाताळण्याची प्रथा पसरवली. तो 1955 मध्ये सर्पदंशानेच गेला. जे माहीत असायला हवं, ते न कळल्याने विश्वास सुरक्षित राहतो असं मला वाटत नाही.

शिक्षण म्हणजे हमी नव्हे, हेही भावाला सांगा. जर्मनीत हिटलरच्या काळात मोठमोठे ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक त्याच्या बाजूला गेले. 1939 मध्ये आयझेनाखला ख्रिस्ती जीवनातून यहुदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी संस्थाच निघाली. तशाच विद्यापीठांत शिकलेले कार्ल बार्थ आणि डीट्रिश बोनहोफर हे ईश्वरविज्ञानी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. ज्ञान फुगवतं, असं पौलाने उगाच लिहिलं नाही.

आपल्याकडे पाहायचं तर पंडिता रमाबाई. संस्कृतची एवढी विदुषी, पण साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1922 मध्ये त्या गेल्या; ते संपूर्ण बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1924 ला छापून झालं. त्यांच्या विश्वासात काही कमी होतं म्हणून त्या शिकल्या, असं कोण म्हणेल?

सोयीचं बोलायचं तर सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची, म्हणजे पदवी देणाऱ्या मंडळाची, बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) हा अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मान्य मार्ग आहे. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. वडील आधी नोकरी म्हणत असतील तर त्याच सिनेटचा बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज घरी राहून करता येतो. अर्ज भरण्याआधी मात्र भावाला काही महिने तुमच्या पाळकांबरोबर आजारी आणि दुःखातल्या घरी जाऊ द्या. तिथे लोक काय विचारतात ते त्याने वहीत लिहून ठेवावं, आणि ती वही घेऊनच सेमिनरीत जावं.