एन्टोमोस्ट्राका गेले कुठे?

प्रश्न : निपाणीजवळच्या आमच्या जुन्या घरात माळा आवरताना काकांचं बी.एस्सी.चं प्राणिशास्त्राचं पुस्तक सापडलं. त्यात कवचधारी प्राण्यांचे दोन भाग दिलेत, मॅलॅकोस्ट्राका आणि एन्टोमोस्ट्राका. माझी मुलगी सध्या बेळगावात बी.एस्सी. करते. तिच्या पुस्तकात पहिलं नाव आहे, दुसरं नाही. हे प्राणी नामशेष झाले का? आणि त्या पानाच्या कडेला काकांनी पेन्सिलीनं 'नारू' असं का लिहिलं असेल?

उत्तर : ताई, प्राणी कुठेही गेलेले नाहीत. तुमच्या गावच्या विहिरीत, तळ्यात, पावसाळ्यात खडकावर साचलेल्या पाण्यातसुद्धा ते सापडतील. गेलं ते नाव.

ते दिलं डेन्मार्कच्या ओटो फ्रीडरिख म्युलर यांनी. त्यांचं पुस्तक १७८५ साली छापून आलं, तेव्हा ते हयात नव्हते. त्या काळी खेकडे, कोळंब्याही कीटकांतच गणत. ग्रीक भाषेत 'एन्टोमॉन' म्हणजे कीटक आणि 'ऑस्ट्राकॉन' म्हणजे कवच. म्हणून हे 'कवचवाले कीटक'. पुढे १८०२ मध्ये फ्रान्सच्या लात्रेय यांनी खेकडा-कोळंबीच्या गटाला मॅलॅकोस्ट्राका म्हटलं. या गटाची खूण पक्की आहे : बहुतेकांच्या छातीला आठ आणि पोटाला सहा खंड. उरलेले सगळे एन्टोमोस्ट्राकात राहिले, पण त्यांच्यात अशी एकही सामाईक खूण नव्हती. राळ्याच्या दाण्याएवढा डॅफ्निया, एका डोळ्याचा सायक्लॉप्स, दोन शिंपल्यांत मिटून राहणारा सायप्रिस, पुढे समुद्रातल्या खडकांना चिकटणारे बार्नॅकलही त्यातच आले. पंगतीत जागा न मिळालेल्यांना एका ओसरीवर बसवलं म्हणून ते भाऊभाऊ होत नाहीत. आताच्या अभ्यासात तर सायक्लॉप्सचं नातं डॅफ्नियापेक्षा खेकड्याशी जवळचं दिसतं आणि डॅफ्नियाचं कीटकांशी. त्यामुळे मुलीच्या पुस्तकातून ते नाव काढलं हे योग्यच झालं. तिला प्रत्येक गट वेगळा शिकू द्या.

पेन्सिलीतल्या त्या शब्दाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय. नारू म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा एक जंत, आणि त्याच्यामुळे होणारं दुखणंही. माझ्या आजीचं माहेर अथणीकडचं. तिच्या डाव्या घोट्याच्या वर एक लांबट वण होता. मी लहानपणी त्यावर बोट फिरवून विचारायची, तर ती म्हणायची, "नारू निघाला होता बाळ. काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय पिकला." शेजारच्या कन्नड घरांत त्याला 'नारुहुण्णु' म्हणत. हुण्णु म्हणजे व्रण.

नारूची मादी जवळजवळ मीटरभर लांब, दोऱ्यासारखी. पायाला फोड येऊन ती बाहेर पडू लागली की असह्य आग होते. माणूस आग शमवायला पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवायचा आणि मादी तिथंच हजारो अळ्या पाण्यात सोडायची. त्या अळ्या सायक्लॉप्स गिळतो. ते पाणी कुणी तसंच प्यालं, की सायक्लॉप्स पोटात मरतो, अळ्या सुटतात आणि साधारण वर्षभरानं नवा नारू बाहेर येतो. यातला सायक्लॉप्सचा वाटा रशियाच्या फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास उलगडला. काकांनी पुस्तकातला तो किडा आणि गावातलं दुखणं एका शब्दात जोडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. वर्गात अनेक वर्षं हा भाग शिकवताना मीही आधी नारू सांगायचे, मग वर्गीकरण.

उपाय आजीकडे होता. घागरीच्या तोंडावर धोतराचं फडकं दुपदरी बांधूनच ती पाणी भरायची. सायक्लॉप्स मिलिमीटरभराचा, दाट विणीच्या कापडात अडकतो. सरकारी मोहीम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाली तेव्हा कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही नारूग्रस्त राज्यांत होते. पाणी गाळायला शिकवणं, पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बदलून बोअर देणं, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे औषध टाकणं, हे सगळं गावोगाव झालं. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला.

तेव्हा सायक्लॉप्स दिसला म्हणून आज नारूची भीती नको. विहिरीचं पाणी मात्र इतर रोगांसाठी उकळूनच प्या. कापड जंतू अडवत नाही.

पुस्तक रद्दीत देऊ नका. रविवारी मुलीला घेऊन तळ्यावर जा. पांढऱ्या वाटीत पाणी घ्या, उन्हाकडे धरा आणि शाळेतलं साधं भिंग लावा. झटक्याझटक्यानं उड्या मारत वर सरकतो तो डॅफ्निया. थेंबासारख्या अंगाचा, मागे निमुळता होत गेलेला, तो सायक्लॉप्स. मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताना दिसतील.