पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांचा उद्देश खरंच बदलला आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अकरावीत आहे आणि मैत्रिणींबरोबर पथकात जायचं म्हणते. घरातली मोठी माणसं म्हणतात, पूर्वी पथकं शिस्त लावायला होती, आता नुसती रील्स आणि पैसे घेऊन वाजवायच्या सुपाऱ्या. यात तथ्य किती आणि चांगलं पथक ओळखायचं कसं?

तथ्य आहे, पण 'पूर्वी' म्हणजे नक्की कधी, हे आधी ठरवावं लागेल. तरुणांनी एका पोशाखात, रांगेत, वाजवत-गात रस्त्यावरून जायचं ही गोष्ट पुण्यात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि तेवढ्या काळात तिचा हेतू निदान तीनदा पालटला आहे.

सुरुवात मेळ्यांची, म्हणजे गणपतीसमोर पदं म्हणणाऱ्या गटांची. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तसे मेळे वाढले. ठरलेला पोशाख, पाठ केलेली पदं, हातात लेझीम. सन्मित्र समाजासारख्या मेळ्यांचं नाव आजही घेतलं जातं. तिथे वाद्य होतं ते शब्द लोकांच्या कानापर्यंत पोचवायला. म्हणून इंग्रज सरकारची नजर लेझमीवर नव्हती, पदांवर होती, आणि १९१० च्या सुमाराला मेळ्यांवर कडक बंधनं आली. स्वातंत्र्यानंतर सांगायचा तो निरोपच उरला नाही. मेळे करमणुकीकडे वळले आणि हळूहळू विरून गेले.

त्यानंतर विसर्जन मिरवणुकीत ब्रास बँड होते, शाळा-तालमींची लेझीम होती, आणि मुळशी, मावळ, भोरकडच्या गावांतून येणारे ढोल होते. गावाकडे ढोल जत्रेला आणि पालखीला वाजायचा. शहरात यायचा तो मंडळाची सुपारी घेऊन. 'सुपारी' हा शब्द आजकाल नाक मुरडून वापरतात, पण ती प्रथा आजच्या पथकांनी काढलेली नाही. शहरातली कॉलेजची मुलं सुपारी घ्यायला लागली, एवढंच काय ते नवीन.

शिस्तीची जी आठवण तुमच्या घरात निघते ती यानंतरची. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनी या शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्यांना ढोल, ताशा आणि बरची (काठी घेऊन करायचं नृत्य) घेऊन मिरवणुकीत उतरवलं. पुढे रमणबाग, नूमवि अशा शाळांची पथकं आली, स्व-रूपवर्धिनी या संस्थेचं आलं. इथे हेतू मेळ्यापेक्षा वेगळा होता. लोकांना काही सांगायचं नव्हतं, मिरवणूक कशी काढता येते ते करून दाखवायचं होतं: सरळ रांगा, एक पोशाख, गोंधळ नाही. वादक त्या-त्या संस्थेचेच विद्यार्थी. सरावाला जागा शाळेचं मैदान, देखरेखीला शिक्षक, वाद्यं संस्थेच्या मालकीची. थोडक्यात, पथक चालवायला वेगळा पैसा उभा करावा लागत नव्हता.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. शाळा सोडलेल्या मुलांना वादन सोडवेना, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी आपापली पथकं काढली. हौस तीच, हातही तेच, पण पाठीशी संस्था नव्हती. मग सरावाच्या जागेचं भाडं, पावसासाठी पत्र्याची शेड, वाद्यं ठेवायला गोदाम, न्यायला टेम्पो, दरवर्षी ढोलाची नवी पानं (दोन्ही तोंडांवरचे पडदे), दोऱ्या, टिपरं (ढोल वाजवायच्या काठ्या), ध्वज, असा सगळा खर्च अंगावर आला. तो भागवायला सुपारी. मोठी सुपारी मिळवायची तर मोठं पथक दिसायला हवं, आणि मोठं पथक करायचं तर दरवर्षी नव्या मुलांची भरती हवी. ती भरती आज व्हिडिओ पाहून होते. म्हणजे रील्सनी पथकं बिघडवली असं म्हणण्यापेक्षा, हिशोबाच्या वहीने रील्सची गरज निर्माण केली म्हणणं जास्त बरोबर. 'कलावंत'सारखं नटनट्यांचं पथक लक्ष्मी रोडवर आलं की हात जोडण्याआधी मोबाइल वर जातात, तो याच साखळीचा पुढचा दुवा.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत ढोल-बिगुलांची 'ड्रम कोअर' पथकं माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि चर्चनी गल्लीतल्या मुलांसाठी काढली होती. १९७२ पासून त्यांची राष्ट्रीय स्पर्धा एका मध्यवर्ती संस्थेकडे आली. स्पर्धा कडक झाली, दौरे लांबले, खर्च वाढला. आज तिथे निवड चाचणी देऊन, काही हजार डॉलर भरून, पूर्ण उन्हाळा द्यावा लागतो. शेकडो पथकांची काही डझन उरली, वादन मात्र अचाट सुधारलं. आपल्याकडे पैशाचा रेटा तसाच, पण परिणाम नेमका उलटा. निवड जवळजवळ नाही, येईल त्याला ढोल मिळतो, त्यामुळे पथकं वाढत गेली आणि प्रत्येकात नवशिके जास्त. दोन्हींतलं बरं कोणतं ते मला ठरवता येत नाही. अकरावीतल्या मुलीला दार उघडं असणं ही मला तरी वाईट गोष्ट वाटत नाही.

वाईट आहे ती संख्येची हाव, आणि ती वाईट का याचं कारण नैतिक नाही, मोजता येण्यासारखं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चारच्या रांगेत १२० ढोल लावले तर ३० ओळी होतात. ढोल कमरेला बांधलेला वादक मागे-पुढे दोन मीटर जागा घेतो, म्हणजे पथक ६० मीटर लांब. सगळे ताशे पुढे असतील तर शेवटच्या ओळीला ताशा जवळपास ०.१८ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो. म्हणजे मागची ओळ एक तृतीयांश ठोका मागे, आणि दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, तर दोन तृतीयांश. त्यात लक्ष्मी रोडच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परत येतो. मागची मुलं कानावर विसंबली की लय फुटते. मग ती सावरण्यासाठी सगळे जोर लावतात आणि जोर लावला की लय पळते.

यावर उपाय आहेत आणि जाणती पथकं ते करतात. ताशे एकगठ्ठा पुढे न ठेवता मधल्या ओळींतही पेरायचे. 'हात' म्हणजे वादनाचा ठरलेला ठेका. तो बदलण्याचा इशारा आवाजाने न देता हात उंच करून द्यायचा आणि तो मध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्याने मागे पोचवायचा. स्थिर वादनात ताशे मध्ये घेऊन ढोलांनी गोल करायचा, म्हणजे कुणीच फार लांब राहत नाही. आणि मुख्य म्हणजे संख्या आवरायची. ३० ढोलांचे ६० केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो 'जरासा मोठा' वाटतो, दुप्पट नाही. दुप्पट वाटायला ढोल साधारण दसपट लागतील. तेव्हा शंभराच्या पुढचे ढोल हे ऐकण्यासाठी नसतात, बघण्यासाठी असतात.

संख्येवरून कोर्टकचेरीही झाली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी पुण्यातल्या गणेशोत्सवासाठी एका पथकात जास्तीत जास्त ३० वादक अशी मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबरला, विसर्जनाच्या पाच दिवस आधी, तिला स्थगिती दिली. त्या वेळी पुण्यात बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला ३० हा आकडा फार कमी वाटतो, पण आकडाच नको या बाजूने मी नाही.

आता तुमच्या मुलीचं. पथकाचा उद्देश त्यांच्या माहितीपत्रकात शोधू नका, सरावाला जाऊन बघा. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी वाद्यपूजन होतं आणि संध्याकाळचा सराव सुरू होतो, बराचसा नदीपात्रात किंवा नदीकाठच्या मोकळ्या जागांवर. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला सराव बंद पडतो. त्या दिवसांसाठी दुसरी जागा ठरलेली आहे का, की मुलांना पुलाखाली ताटकळत ठेवतात, यावरून नियोजन कळतं. सराव किती वाजता संपतो आणि शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत कोण थांबतं हे विचारा. अल्पवयीन मुलांसाठी पालकांचं संमतिपत्र मागत नसतील तर तिथूनच परत फिरा.

पहिल्या आठवड्यात काय शिकवतात तेही पाहा. चांगल्या ठिकाणी नवशिक्याला लगेच ढोल बांधत नाहीत. आधी टाळीवर किंवा मांडीवर पहिला हात, मग दुसरा, मग ठेवलेल्या ढोलावर, आणि शेवटी कमरेला. आठ-दहा किलोचा ढोल पट्ट्याने नीट कंबरेच्या हाडावर बसला नाही की त्याचं सगळं ओझं पाठीच्या खालच्या भागावर येतं. चौथ्या दिवशी पाठ धरली म्हणून मुलगी रडत आली तर पट्टा आधी तपासा, मुलीची ताकद नंतर. टिपरू सैल धरायचं असतं, ते पानावरून आपोआप उसळतं. आवळून धरलं की अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात. फोडांवर चिकटपट्टी लावून मिरवणं ही आपल्याकडे शौर्याची खूण झाली आहे. खरं तर ती शिकवण्यातली चूक आहे.

ताशा हे वेगळंच प्रकरण. एक महिन्यात ढोल येतो, ताशा येत नाही. तर्री, म्हणजे ताशाची सलग थरथर, एकसारखी निघायला दोन्ही मनगटं सारखी सुटावी लागतात आणि डावं मनगट वर्षभर छळतं. जिथे ताशा दरवर्षी ठरावीक चार मुलांकडेच असतो आणि मुलींना 'तुम्ही झांज किंवा ध्वज घ्या' असं सांगतात, तिथे शिकवण्याचा हेतू संपलेला आहे असं खुशाल समजा.

पावसाचंही पाहा. बऱ्याच ढोलांना टिपऱ्याच्या बाजूला प्लास्टिकचं पान आणि थापीच्या, म्हणजे हाताने वाजवायच्या, बाजूला चामड्याचं असतं. भाद्रपदाच्या दमट हवेत चामडं ओल धरून सैल पडतं. थापीची घुम जाते, नुसता टिपऱ्याचा ठणठणाट उरतो. वादकाला वाटतं आपला आवाज कमी पडतोय, म्हणून तो जास्त जोरात मारतो, आणि मग फोड, मोडलेली टिपरं, फाटलेली पानं ही पुढची रांग. वादनाआधी दोऱ्या ओढून ढोल ताणायचा, वादनानंतर पुसून कोरड्या जागी ठेवायचा, सर आली की झाकायचा, ही कामं वादकांनी स्वतः करायची की पैसे देऊन माणसं ठेवली आहेत? जुन्या पथकांच्या शिस्तीतला खरा भाग हा होता. वाजवण्याइतकाच वेळ ढोल ताणण्यात जायचा.

विसर्जनाच्या दिवसासाठी दोनच गोष्टी विचारा. बदली वादक किती? साठ ढोलांना निदान नव्वद वादक हवेत. बेलबाग चौकातून अलका टॉकीज चौकापर्यंत तासन् तास लागतात आणि बदली नसेल तर ढोल उतरवताच येत नाही. दुसरी, मुलींसाठी वाटेत स्वच्छतागृहाची सोय कुठे केली आहे? कुठल्या वाड्यात, कुणाच्या दुकानात, हे ठिकाणासह सांगता आलं पाहिजे. 'बघू, होईल काहीतरी' म्हणजे मुली सकाळपासून पाणी पिणार नाहीत, आणि भोवळ येऊन पडतात त्यांत अशाच मुली जास्त.

हिशोब मागायला लाजू नका. सुपाऱ्या किती घेतल्या, वाद्यांवर किती खर्च झाला, उरलेलं कुठे गेलं. काही पथकं उरलेल्या पैशातून शाळांना, वस्त्यांना मदत करतात आणि हिशोब वादकांसमोर वाचतात. जिथे वादकालाच मानधनाचा आकडा माहीत नसतो तिथे तो बिनपगारी कामगार असतो.

आणि कान. १०० डेसिबल आवाजात कान सुरक्षित राहण्याची मुदत सुमारे १५ मिनिटं धरतात, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ती निम्मी होते. ताशाच्या शेजारी उभं राहून रोजचा दोन तास सराव म्हणजे काय, ते तुम्हीच पाहा. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. पिळून बारीक करायचे, कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर उपयोग नाही. ते घातल्यावरही ताशा स्पष्ट ऐकू येतो. पथकातली मुलं पहिल्या दिवशी हसतील. प्रमुखही हसला तर दुसरं पथक बघा, पुण्यात पथकांना तोटा नाही.