शेतातून रेडिओत

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी कृषी पदविकेला आहे. तिच्या पुस्तकात पेरणीच्या धड्यात 'ब्रॉडकास्ट' हे क्रियापद आले आहे. रेडिओचा शब्द शेतात कसा घुसला? आणि त्याचा भूतकाळ 'ब्रॉडकास्टेड' होतो का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : घुसखोरी झाली खरी, पण उलट्या दिशेने. शब्द मुळात शेतातलाच, रेडिओने तो पळवला. ओटीतून मूठभर बी घ्यायचे आणि हात फिरवत रानभर टाकायचे, म्हणजे आपले 'बी फोकणे'. इंग्रजीत तो या अर्थाने अठराव्या शतकापासून आहे. बीबीसीच्या नावात तो बसला १९२२ साली.

फोकणी पाहायची तर तुम्हाला फार लांब जायला नको. सिंहगडाच्या पायथ्याकडे कोथिंबिरीचे वाफे अजून दिसतात. धणे आधी रगडून त्यांच्या दोन फोडी करतात, मग वाफ्यात फोकून वरून हलकी माती ओढतात. ज्वारी मात्र पाभरीने ओळीत पेरायची. फोकलेल्या रानात ओळीच नाहीत, मग दोन ओळींमधले तण काढणारे कोळपे चालवणार कुठून? शिवाय बी जास्त लागते ते वेगळेच.

रेडिओवाल्यांनी हाच शब्द का उचलला, ते मला फार गमतीचे वाटते. बिनतारी यंत्रणा आली ती एका जहाजाने दुसऱ्याला निरोप धाडावा म्हणून. तो निरोप मधल्यामध्ये कोणीही ऐकू शकतो, हा तेव्हा दोष समजत. पुढे त्या दोषावरच अख्खे प्रसारण उभे राहिले! २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे आकाशवाणी सुरू झाली, तेव्हाही स्टुडिओत बोलणाऱ्याला आपला आवाज कोणत्या वाड्यात, कोणत्या वाडीत पोचतोय हे कुठे ठाऊक होते?

व्हॉट्सअ‍ॅपच्या 'ब्रॉडकास्ट लिस्ट'ला मात्र माझी हरकत आहे. नावे निवडून निवडून निरोप पाठवायचा, ही फोकणी कसली? ही तर टोकणणी, म्हणजे एकेक बी जागा ठरवून खोचणे.

आता भूतकाळ. 'कास्ट' तिन्ही रूपांत 'कास्ट'च राहतो, म्हणून 'ब्रॉडकास्ट'ही तसाच. 'ब्रॉडकास्टेड' काही शब्दकोशांत सापडेल, पण मुलीला म्हणावे, उत्तरपत्रिकेत 'ब्रॉडकास्ट'च लिही. हवामानाच्या बातम्यांतले 'फोरकास्टेड' मात्र आता चांगलेच रुळले आहे, त्याला कोणी लाल रेघ मारणार नाही.